हंगेरीच्या गरम पाण्यात एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुडापेस्टला जायचं ठरलं की ओळखीतले लोक व्हिसा, हॉटेल सगळं विचारून झाल्यावर हळूच तिथल्या गरम पाण्याच्या बाथबद्दल विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात खरा प्रश्न कपड्यांचा असतो पण सुरुवात करतात इतिहासापासून. म्हणून सगळंच लिहून टाकतोय.

हा नक्की काय प्रकार आहे? स्विमिंग पूल, स्पा की आपल्या वज्रेश्वरीसारखं कुंड?

तिन्ही थोडं थोडं. हंगेरियनमध्ये याला फ्युर्द्यो म्हणतात. आत पोहायचा तलाव असतो, सॉना असते, मसाज असतो, पण मुख्य काम म्हणजे जमिनीतून आलेल्या खनिजयुक्त गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहणं. लोक पोहायला कमी आणि बसायला जास्त येतात. आणि हे श्रीमंतांचं लाड करून घेणं वगैरे अजिबात नाहीये, तिकडे सांधेदुखीसाठी डॉक्टर चिठ्ठीवर बाथ लिहून देतात आणि सरकारी विम्यातून त्याला सवलत मिळते, त्यामुळे सकाळी सातला गेलात तर निम्मी गर्दी पिशवी घेऊन आलेल्या आज्या-आजोबांची. मला हेच सगळ्यात आवडतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा कोकणात तुरळ, उन्हवऱ्याला देवदर्शन आणि आंघोळ जोडीने येते, इथे देव नाही, पण रोज त्याच वेळी येऊन त्याच कोपऱ्यात बसायचं व्रत मात्र तितकंच कडक.

एवढं गरम पाणी येतं कुठून? ज्वालामुखी आहे का खाली?

नाही. हंगेरी ज्या खोलगट भागात आहे तिथे पृथ्वीचं कवच आजूबाजूच्यापेक्षा पातळ आहे, त्यामुळे खाली जाल तसं तापमान पटापट वाढतं, जगात सरासरी किलोमीटरमागे 30 अंशाच्या आसपास वाढतं तिथे हंगेरीत बऱ्याच ठिकाणी 45-50. बुडाच्या, म्हणजे शहराच्या डॅन्यूबच्या पश्चिमेकडच्या भागाच्या, डोंगरात पडलेलं पावसाचं पाणी चुनखडीच्या भेगांतून खोल जातं, तापतं, आणि डॅन्यूब नदीच्या काठाने जमिनीला जी मोठी भेग आहे तिथून परत वर येतं. म्हणून जुनी स्नानगृहं बघा, रुदाश, लुकाच, गेलर्त, सगळी बुडा बाजूला नदीला लागून एका रांगेत.

सेचेनी हे स्नानगृह मात्र नदीपलीकडच्या पेश्टच्या सपाट भागात आहे, तिथे झरा नाही, बोअर आहे. विल्मोश झिगमोंदी नावाच्या खाणकाम इंजिनिअरने 1868 ते 1878 अशी दहा वर्षं खणून 970 मीटरवर 74 अंशाचं पाणी काढलं. दहा वर्षं! आपल्याकडे तीनशे फुटाला पाणी नाही लागलं की लोक पाणाड्याला शिव्या घालतात. नंतर 1938 मध्ये दुसरी बोअर मारली, ती 1,200 मीटरच्या पुढे गेली, तिचं पाणी 77 अंश. अर्थात तुमच्या अंगावर येईपर्यंत ते गार केलेलं असतं. शेजारीच प्राणिसंग्रहालय आहे, तिथल्या पाणघोड्यांच्या तलावातही हेच गरम पाणी सोडतात.

हे सगळं तुर्कांनी बांधलं ना?

काही बाथ त्यांचे, सगळे नाही. आधी रोमन होते, त्यांच्या अक्विंकुम नावाच्या शहराचे अवशेष शहराच्या उत्तरेला आहेत आणि त्यातही स्नानगृहं आहेत. बुडा 1541 ते 1686 तुर्कांकडे होतं, त्या काळातल्या घुमटाच्या इमारती म्हणजे रुदाश, किराय, वेली बेय. किरायची गंमत म्हणजे तिथे स्वतःचा झराच नाही, लुकाचच्या बाजूने पाणी आणलं, कारण ती तटबंदीच्या आत हवी होती, म्हणजे शहराला वेढा पडला तरी आंघोळ चुकायला नको. प्राधान्यक्रम बघा. सेचेनी (1913) आणि गेलर्त (1918) हे राजवाड्यासारखे प्रकार नंतरचे. 1934 मध्ये बुडापेस्टला अधिकृतपणे स्नाननगरी म्हणून जाहीर केलं.

मग एकच करायचं तर कुठलं करू?

इथे माझं मत देतो, पटलं तर घ्या.

पहिल्यांदाच जाताय आणि फोटोत दिसतं तेच बघायचंय तर सेचेनी. पिवळी निओ-बरोक इमारत, मधे मोठ्ठं अंगण, त्यात बाहेरचे तीन पूल, हे बाहेरचे पूल 1927 चे आहेत. आत अजून पंधरा. बुद्धिबळाचे पट पाण्यात मांडून खेळणारे काका खरंच असतात, ते पर्यटन खात्याने बसवलेले नाहीत. अंगणातल्या एका पूलमध्ये गोल भिंतीच्या आत पाण्याचा प्रवाह सोडतात, माणूस आपोआप गोल गोल वाहत जातो आणि पन्नाशीचे लोक लहान मुलांसारखे हसतात. तोटा एकच, गर्दी. वीकेंडला दुपारी गेलात तर ते स्नानगृह राहत नाही, जत्रा होते. मेट्रो एम-1 चं स्टेशन दारातच आहे, आणि ही मेट्रोसुद्धा 1896 ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी, तेव्हा जातानाचा प्रवासही बघण्यासारखा.

मला स्वतःला विचाराल तर रुदाश. सोळाव्या शतकातला, बुडाचा पाशा (तुर्की सुभेदार) सोकोल्लू मुस्तफा याने बांधलेला घुमट, खाली आठ खांब, मधे अष्टकोनी कुंड 36 अंशाचं, आणि चार कोपऱ्यांत चार छोटी कुंडं वेगवेगळ्या तापमानाची, 28 पासून 42 पर्यंत. घुमटाला छोटी छोटी भोकं आहेत त्यात रंगीत काचा, त्यातून उन्हाचे कवडसे वाफेत उतरतात, लोक कुजबुजीच्या वर बोलत नाहीत. आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर गरम पाण्याचा गोल हौद आहे, त्यात बसून डॅन्यूब आणि तिच्यावरचा एर्झेबेट पूल समोर. म्हणजे खाली पाशा, वर टुरिस्ट. एक लक्षात ठेवा, तुर्की भागात बायका-पुरुषांचे दिवस वेगळे असतात, मंगळवार बायकांचा, वीकेंडला एकत्र, बाकीचे वार आणि वेळा जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघाच, नवरा-बायको हातात हात घालून बुधवारी सकाळी गेलात तर एकाला बाहेर बसावं लागेल. फार वर्षं हा भाग फक्त पुरुषांचाच होता, बायकांना 2005 नंतरच प्रवेश मिळाला.

शांतता हवी, पर्यटक कमी हवेत, खिशालाही जरा बरं हवं तर लुकाच. दिसायला साधं, थोडं सरकारी दवाखान्यासारखं. अंगणाच्या भिंतीवर संगमरवराच्या पाट्या आहेत, इथल्या पाण्याने बरे झालेल्यांनी वेगवेगळ्या भाषांत आभार मानलेत, आपल्याकडे नवस फेडल्यावर देवळात घंटा बांधतात त्यातलाच भाव. शेजारी डोंगराच्या पोटात मोल्नार यानोश नावाची कोमट पाण्याने भरलेली प्रचंड गुहा आहे, तिथे पाणबुडे उतरतात, आपण नाही.

गेलर्त? आर्ट नुव्हो शैलीचे खांब आणि मोझेक बघून सगळे त्याच्या प्रेमात पडतात पण ऑक्टोबर 2025 पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केलंय, 2028 मध्ये उघडणार असं जाहीर झालंय. जुन्या ब्लॉगवर विसंबून टॅक्सी करू नका. किरायही कित्येक वर्षं बंद आहे.

आमचे टूरवाले दीड तास देतायत, पुरेल?

नाही. स्पष्ट सांगतो, दीड तासात तुम्ही लॉकर शोधाल, कपडे बदलाल, एक फोटो काढाल, केस वाळवाल आणि बसमध्ये बसाल. त्यापेक्षा त्या दिवशी ग्रुपपासून सुटी घ्या. किल्ला, पार्लमेंट, बोटीची सफर आणि संध्याकाळी उरलेल्या वेळात बाथ असं करूच नये, कारण ह्यात बघण्यासारखं जे आहे ते तुम्ही काहीही न करता बसलात तरच दिसतं. सकाळी उघडताना जा, दुपारपर्यंत थांबा, मधे खा, परत पाण्यात उतरा. बाहेर आल्यावर पाय इतके ढिले पडतात की दुसरं काही ठरवू नका, जेवण आणि झोप.

आता खरं सांगा, नागडं व्हावं लागतं का?

नाही हो. मिश्र वेळेत सगळे स्विमिंग कॉस्च्युममध्येच असतात. रुदाशला फक्त पुरुषांच्या किंवा फक्त बायकांच्या वेळेला काही जण कॉस्च्युमशिवाय असतात, पुरुषांना पुढे बांधायचा एक छोटा पांढरा एप्रन मिळतो जो मागून काहीच झाकत नाही, पण तुम्ही तुमची चड्डी घालून बसलात तर कोणी ढुंकून बघत नाही. ज्यांना लाज वाटते त्यांनी वीकेंडला जावं, प्रश्न मिटला.

बायकांनी काय घालायचं? लेगिंग-टीशर्ट चालेल?

कॉटनचं काहीही चालत नाही, टीशर्ट नाही, ओढणी नाही, पंजाबी ड्रेस तर नाहीच. स्विमिंगच्या कापडाचं असेल तर लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम साधारणपणे चालतो, आपल्याकडे कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो, निघायच्या आधीच घेऊन ठेवा कारण तिथे दारात घ्यायला गेलात तर महाग पडतं आणि मापही नीट मिळत नाही. सत्तरीच्या बायका बिकिनी घालून मजेत फिरत असतात, पोट सुटलेले काका असतात, सगळ्या वयाचे सगळ्या आकाराचे लोक, पाच मिनिटांत तुम्हाला स्वतःच्या शरीराचा विसर पडतो. पुरुषांनी आतून अंडरवेअर वरून शॉर्ट्स असला प्रकार करू नये.

सोबत घ्या: टॉवेल, रबरी स्लीपर, पाण्याची बाटली, आणि लांब लेनमध्ये पोहणार असाल तर टोपी, तिथे टोपी सक्तीची असते. नुसतं गरम पाण्यात बसायला टोपी लागत नाही. टॉवेल भाड्याने मिळतो पण उगाच पैसे.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण?

चांदी काढून ठेवा. पाण्यात गंधकाची संयुगं असतात, चांदी काळी पडते, आणि पॉलिश केलेले नकली दागिने तर जातातच. शुद्ध सोन्याला सहसा काही होत नाही पण मुळात पाण्यात मौल्यवान वस्तू घालून जायचंच कशाला, हॉटेलच्या तिजोरीत ठेवा.

पोहता येत नाही, तरी जाऊ?

बिनधास्त. बसायच्या कुंडांत पाणी छातीपर्यंत, कडेला पायऱ्या आणि बाक. पोहायच्या तलावात उतरू नका एवढंच. अपवाद हेवीझ तलावाचा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आईला गुडघेदुखी आहे, बाबांना बीपी. न्यावं का?

गुडघेदुखीसाठी तर लोक दुरून येतात. पण एका दिवसाच्या डुबकीने गुडघा बरा होणार नाही, तिकडचे रुग्ण पंधरा-पंधरा सिटिंग करतात. बरं वाटेल, मोकळं वाटेल, रात्री झोप छान लागेल, एवढंच धरून चाला. बीपी, हृदयविकार, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन, यातलं काही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, तिथे जाऊन विचारायची गोष्ट नाही. आणि कुणीही असो, 38 अंशाच्या वर एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, मधे बाहेर बसा, पाणी प्या. ज्येष्ठांना पटकन उठल्यावर चक्कर येते, पायऱ्यांचा कठडा धरूनच बाहेर काढा. फरशी ओली असते हे वेगळं सांगायला नको. बिअर पिऊन गरम पाण्यात बसू नका, हे ज्येष्ठांना नाही, त्यांच्या चिरंजीवांना सांगतोय.

मुलांचं काय?

सेचेनी, रुदाशला आता 14 वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. गरम खनिज पाणी लहान मुलांना चांगलंही नाही. मुलं असतील तर उन्हाळ्यात मार्गारेट बेटावरचं पालाटिनुश बघा, लाटांचा पूल, घसरगुंड्या, हिरवळ, सगळं आहे आणि मोठ्यांना गरम पाणीही आहे.

आत गेल्यावर नक्की काय करायचं? पाटी कळत नाही, गोंधळ होतो म्हणतात.

होतो. सेचेनी तर चक्रव्यूह आहे. तिकीट घेताना विचारतात, लॉकर की केबिन. लॉकर म्हणजे कॉमन चेंजिंग रूममधलं कपाट, कपडे बदलायला वेगळे आडोसे असतात. केबिन म्हणजे तुमची स्वतःची छोटी लाकडी खोली, तिथेच बदला, तिथेच सामान ठेवून कुलूप. जोडप्याने एक केबिन आणि एक लॉकर घेतलं की दोघांचं काम भागतं आणि पैसेही वाचतात. मनगटाला घड्याळासारखा पट्टा देतात, तोच तिकीट आणि तोच किल्ली, तो हरवला तर दंड. कपाटाचा नंबर लक्षात ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण फोटो कपाटाचा, चेंजिंग रूमचा नाही, तिथे फोटोला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

मग आधी शॉवर. साबण लावून नीट आंघोळ शॉवरखाली करायची, कुंडात साबण, शॅम्पू, तेल काही नाही. त्यानंतर कोमटपासून सुरू करा, 34-36 मध्ये बसा, मग 38-40, मग सॉना किंवा वाफेची खोली, मग जमलं तर थंड पाण्याचा छोटा हौद. तो थंड हौद भयानक असतो, पहिल्यांदा उतरताना तोंडातून जे मराठी शब्द निघतात ते कुणाला कळत नाहीत हा फायदा. त्यातून बाहेर आल्यावर मात्र अंगभर मुंग्या येतात आणि हलकं हलकं वाटतं. मग पडून राहा. मग परत.

एकाच पाण्यात एवढे लोक, घाण नसतं का?

पोहायच्या आणि बाहेरच्या मोठ्या तलावांचं पाणी गाळून, क्लोरीन घालून फिरवतात. काही औषधी पाण्याच्या कुंडांत पाणी सोडतात आणि ठरलेल्या वेळाने रिकामं करून धुऊन परत भरतात. पाणी गढूळसर किंवा हिरवट दिसलं तर ते खनिजांमुळे. सगळे आधी शॉवर घेतात का? नाही, सगळे नाही घेत. तुम्ही घ्या.

वास येतो म्हणे? आणि ते पाणी पितात पण?

गंधकाचा येतो, कुठे कमी कुठे जास्त, दहा मिनिटांत नाकाला सवय होते. कॉस्च्युमला मात्र दोन धुण्यांपर्यंत राहतो. पिण्याचं पाणी वेगळं, कुंडातलं अर्थातच नाही. रुदाशजवळ नदीवरच्या पुलाच्या खाली पाणी प्यायचं एक जुनं दालन आहे, लोक बाटल्या घेऊन येतात. चव कोमट, खारट, अंड्यासारखी. एक घोट घ्या, किडनीचा त्रास असेल तर तोही नको.

व्हेज खायला मिळतं का?

लांगोश. ब्रेडच्या कणकेची तळलेली मोठी भाकरी, आपला भटुरा जाड आणि परातीएवढा केला तर होईल तशी, त्यावर लसणाचं पाणी, आंबट क्रीम आणि किसलेलं चीज. पाण्यात दोन तास बसून कडकडीत भूक लागते तेव्हा याच्यासारखं सुख नाही. कट्टर शाकाहारी असाल तर कशात तळलंय विचारा, काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. बाकी बुफेत सॉसेज, चिप्स, बिअर.

डिसेंबर-जानेवारीत गेलो तर? थंडीत कुठे बाहेर पाण्यात...

थंडीतच जा! बाहेर शून्याखाली, पाणी 38, वाफ इतकी की समोरचा माणूस दिसत नाही, डोक्यावर बर्फ पडतोय. दारापासून पाण्यापर्यंतची वीस-तीस पावलं मात्र ओल्या अंगाने पळत जावी लागतात. टॉवेल पाण्याजवळच्या हुकावर टांगा, कोरडा लोकरीचा टोप असेल तर डोक्यावर ठेवला तरी चालतो.

बुडापेस्टच्या बाहेर काही?

भरपूर. मिश्कोल्त्स तापोल्त्सामध्ये डोंगरातल्या खऱ्या गुहांमधून कोमट पाण्यात फिरता येतं. हायदुसोबोस्लोला 1925 मध्ये तेल-गॅस शोधायला खणलं आणि निघालं 73 अंशाचं पाणी, आज तिथे अख्खं गाव त्यावर जगतं.

पण एकच करायचं तर हेवीझ. बालाटोन सरोवराजवळचा नैसर्गिक गरम पाण्याचा तलाव, साधारण साडेचार हेक्टरचा, खाली 38 मीटरवर गुहेतून झरा येतो आणि त्याचा जोर एवढा की तलावातलं पाणी तीनेक दिवसांत पूर्ण बदलतं. उन्हाळ्यात 33-36 अंश, हिवाळ्यातही 24 च्या आसपास, म्हणून बाराही महिने लोक आत असतात, कमरेला रबरी रिंग लावून तरंगत गप्पा मारत. पोहता येत नसेल तर रिंगशिवाय अजिबात उतरू नका, खाली पाय टेकत नाही. पाण्यावर लाल कुमुदं फुललेली दिसतील, ती मूळची आपल्याकडची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शांडोर लोवाशी नावाच्या प्राध्यापकांनी तिथे लावली आणि गरम पाण्यामुळे ती टिकली, आता ती गावाच्या बोधचिन्हावर आहेत. इथल्याच डॉ. कारोय मोल यांनी 1953 मध्ये वजन-स्नान शोधलं, म्हणजे पाठीच्या मणक्याच्या रुग्णाला पाण्यात मानेला आधार देऊन उभं लटकवायचं आणि कमरेला वजनं बांधायची. बघायला भीतिदायक, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं उपचारांचं काम आहे, टुरिस्टांसाठी नाही.

हेवीझला रेल्वे नाही, केस्टहेपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. बुडापेस्टपासून दोनशे किलोमीटर, एका दिवसात जाऊन येणं दगदगीचं, मुक्काम करा.

खर्च किती?

सेचेनीचं तिकीट दहा हजार फोरिंटच्या पुढे, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर, वीकेंडला अजून जास्त. लुकाच त्यामानाने स्वस्त, बुडापेस्टबाहेर बरंच स्वस्त. मसाज वेगळा, तो आधी बुक करावा लागतो. कार्ड सगळीकडे चालतं. रस्त्यात तिकीट विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका.

हंगेरियन येत नाही, अडेल का?

काउंटरवर इंग्रजीत भागतं. आतल्या मावशींना इंग्रजी येत नाही पण त्या हाताला धरून बरोबर ठिकाणी नेतात. फक्त चेंजिंग रूमच्या दारावर दोन शब्द ओळखता आले पाहिजेत: एफने सुरू होणारा 'फेर्फी' म्हणजे पुरुष, एनने सुरू होणारा 'न्योई' म्हणजे बायका. इंग्रजीच्या सवयीने एफ म्हणजे फीमेल समजून कुणी आत शिरलं की मोठा आरडाओरडा होतो.